पाहुण्याचा मासा

१

महेश्वरची संध्याकाळ ठरलेली होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनिसाचं काम उरकून तो मोटारसायकलवरून घरी यायचा, दाराशी चपला काढायचा, हातपाय धुवायचा आणि हॉलमधल्या खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसायचा. मग शिवलीला चहा आणायची आणि समोर भिंतीला टेकून जमिनीवर बसायची. दोघं फारसं बोलायची नाहीत. मुलगी शिवानी पुण्याला शिकायला गेल्यापासून बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं. पण ती समोर बसायची. संसार म्हणजे दिवस संपल्यावर कुणीतरी समोर येऊन बसणं, अशी महेश्वरची एक साधी व्याख्या होती. ती त्याने कुणालाच सांगितलेली नसल्यामुळे कुणी खोडूनही काढली नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा तो घरी आला, तर वेताची खुर्ची मोरीच्या दाराकडे सरकवलेली होती. खिडकीपाशी, खुर्चीच्या जागी, लोखंडी स्टँडवर काचेची एक लांबलचक टाकी उभी होती. तिच्या शेजारी मांडी घालून बसवराज बसला होता. आणि बसवराजच्या समोर, भिंतीला टेकून, शिवलीला. चहाचे कप रिकामे.

"या दाजी, या की!" बसवराज म्हणाला. जणू पाहुणा महेश्वरच होता.

बसवराज हा शिवलीलाच्या सख्ख्या मामाचा मुलगा. अक्कलकोटला त्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. दुकान बंद पडलं. मासे टिकले होते, पण गिऱ्हाईक टिकलं नव्हतं. आता सोलापुरात गाळा बघायचा आणि गाळा मिळेपर्यंत चार दिवस इथं राहायचं, असा बेत होता. 'चार दिवस' हे माप आपल्याकडे कुणी मोजून देत नाही आणि मोजून घेत नाही, हे महेश्वरला हिशेबनीस असूनही ठाऊक होतं.

टाकीत एकच मासा होता. वीतभरापेक्षा लांब, काळपट, अंगावर खवल्यांऐवजी चिलखतासारखी खडबडीत कातडी, तोंडाशी मिशा. तोंड पोटाच्या बाजूला. ते तोंड काचेला लावून तो चिकटला होता आणि त्याचे कल्ले मंदपणे उघडमीट करत होते.

"सकर मासा," बसवराज म्हणाला. "उजनी धरणात लई झालेत. कोळी शिव्या घालतात त्यांना, जाळी फाडतात म्हणून. पण हा माझा तसला न्हाई. गरीब हाय."

"आणि एवढं पाणी?" महेश्वरने विचारलं.

ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार हे बघून लोक साखरपुड्याची तारीख काढतात, त्या शहरात त्याच्या घरी एक मासा काठोकाठ पाण्यात पोहत होता. तो स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ उरकत होता.

"पाहुणा आहे तो," शिवलीला म्हणाली. कोण, ते तिने सांगितलं नाही.

२

पाहुण्यांची भीती महेश्वरला नव्हती. भीती होती ती रिवाजाची.

शिवलीलाचं माहेर सीमेलगतचं. घरात कानडी. तिकडे मुलीवर मामाच्या मुलाचा पहिला हक्क मानतात. मामाकडून 'आम्हाला नको' असं आल्यावरच बाहेरचं स्थळ बघायचं. शिवलीलाच्या वेळी तसं काही आलंच नव्हतं. बसवराजला नोकरी नव्हती आणि करकंब गावच्या महेश्वरला होती. टॉवेलच्या कारखान्यातली का होईना, पण नोकरी. शिवलीलाच्या वडिलांनी व्यवहार बघितला आणि मामाने मान खाली घातली. म्हणजे महेश्वरला मिळालेली बायको ही एका अर्थी दुसऱ्याने न सोडलेली जागा होती. त्यावर तो इतकी वर्षं बसून होता, पण टेकून कधी बसला नव्हता.

बसवराजने लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं की तो हसायचा. ते हसणं महेश्वरला कुठल्याही उत्तरापेक्षा जास्त बोलकं वाटायचं.

शेजारच्या नागव्वा म्हातारीने तर दुसऱ्याच दिवशी कंपाउंडच्या भिंतीवरून विचारलं, "मामाचं पोरगं हाय म्हनं तुमच्यात आलेलं?"

"हो."

"मग काय, तुमच्या आदीचा हकदार की वो!" म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. "जपा बाबा."

शिवलीला आणि बसवराज स्वयंपाकघरात कानडीत बोलायचे. महेश्वरला कानडी कळायचं ते कामापुरतं. जेवलास का, किती झाले, उद्या ये. हसणं मात्र कळत नव्हतं. आणि शिवलीला हसायला लागली होती. तिचा हसण्याचा आवाज असा आहे, हे त्याला पाहुण्याच्या निमित्ताने समजत होतं.

मग डब्याचा प्रकार झाला. बसवराज माशासाठी वाळवलेल्या अळ्यांचा एक डबा घेऊन आला होता. महेश्वरने तो उघडला, वास घेतला आणि एकाएकी त्याला आपला लिंगायत धर्म आठवला.

"हे आपल्यात चालत नाही," तो म्हणाला. "गळ्यात लिंग आहे आपल्या. या घरात जीव मारून कुणाला घालायचा नाही. माशालाही नाही."

कारखान्याबाहेरच्या गाडीवर आम्लेट खाताना हेच लिंग त्याच्या गळ्यात असायचं आणि त्याने कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नव्हतं. शिवलीलाला ते माहीत होतं. पण धर्माच्या बाबतीत नवरा एवढा ठाम झालेला बघून तिने आम्लेटचा विषय काढला नाही. बोलणं तिलाही पटण्यासारखं होतंच. सिद्धेश्वरच्या तळ्यात लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. तिनेही कणीक मळायला घेतली.

महेश्वरने डबा नेऊन कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या ढिगावर रिकामा केला. परत आला तेव्हा बसवराज टाकीकडे बघत होता. तो भांडला नाही. नुसतं म्हणाला, "बरं दाजी. मग मी बघतो त्याचं."

३

काचेवरचा ठसा महेश्वरला दिसला तो सकाळी, दात घासताना.

टाकीच्या काचेवर बारीक धूळ बसली होती. सोलापुरात धूळ बसायला एक रात्र पुरते. त्या धुळीत एक गोल स्वच्छ ठिपका होता. मसुरीच्या डाळीएवढा. त्याच्या वर दुसरा. त्याच्या वर तिसरा. खालच्या काठापासून वरच्या काठापर्यंत ओळीने गेलेले, सारखं अंतर राखून, कुणी काळजीपूर्वक टाके घालावेत तसे.

माशाच्या तोंडाचे ठसे असणार. मासा चिकटतो, शेवाळ चाटतो, काच स्वच्छ होते. महेश्वरने चूळ भरली. चूळ टाकता टाकता त्याच्या लक्षात आलं, की धूळ बाहेरच्या बाजूला असते.

त्याने बोट लावून बघितलं. ठिपके बाहेरूनच होते. आणि माशाचं तोंड रुपयाएवढं होतं.

महेश्वर विचारी माणूस होता. वाचलेला होता. ताळेबंद जुळला नाही तर चूक बेरजेत असते, भुतात नसते, हे तो कारखान्यातल्या पोरांना नेहमी सांगायचा. त्याने बेरीज केली. पाण्याचे थेंब उडाले असतील. पण थेंब वरून खाली ओघळतात आणि ओघळ लांबट असतो. पाल असेल. पण पालीला बोटं असतात. शिवलीलाने कणीक घालताना बोट टेकवलं असेल. पण इतक्या वेळा?

मग त्याला सगळ्यात साधी शक्यता सुचली. सगळ्यात साधी शक्यता नेहमी सगळ्यात उशिरा सुचते आणि सुचली की जात नाही. ते ओठांचे ठसे होते. बारीक, मिटलेले ओठ. कुणीतरी काचेवर ओठ टेकवत होतं.

चहा पितानासुद्धा शिवलीला कपाला इतक्या नाजूकपणे ओठ लावत नसे.

त्याने ओल्या फडक्याने काच पुसली. संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढायच्या आधी तो काचेकडे गेला. ठिपके होते. आता ते काचेवरून स्टँडच्या लोखंडी पायावर आणि तिथून फरशीवर थोडे पुढे आले होते, जिथं बसवराजची चटई असायची तिथपर्यंत. फरशीवर ते ओले होते.

"काय बघताय?" शिवलीलाने आतून विचारलं.

"काही नाही. धूळ."

४

एप्रिलमध्ये सोलापुरात कुणी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत नाही. नवरदेवसुद्धा कोट हातात धरून घोड्यावर बसतो. पण बसवराज पूर्ण बाह्या घालत होता, मनगटाशी बटण लावून. तो वाळलाही होता. गाल बसले होते. पण चेहऱ्यावर एक तृप्ती होती, जेवून उठलेल्या माणसाची असते तशी. महेश्वरला ती तृप्ती बघवत नव्हती. आपल्या घरात दुसऱ्याचं पोट भरलेलं दिसणं त्याला नवीन होतं.

संध्याकाळचं बसणं आता टाकीभोवती व्हायचं. बसवराज सांगायचा, शिवलीला ऐकायची, महेश्वर मोरीच्या दाराशी खुर्चीत.

"मिशीवाल्या माशांचं खानदान लई मोठं हाय," बसवराज एकदा म्हणाला. "आपला मांगूर, शिंगी, शिवडा, सगळे ह्याचे भाऊबंद. कुणी चिखलात ऱ्हातो, कुणी दगडाला धरून. आणि तिकडं दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत ह्यांचा एक बारका चुलतभाऊ हाय. दोऱ्यासारखा. आरपार दिसतो. तो शिकार करत न्हाई का शेवाळ खात न्हाई. मोठ्या भावाच्या कल्ल्यात शिरायचं, काटे रोवायचे, रक्त प्यायचं, पोट भरलं की निघायचं."

"निघतो तरी," महेश्वर म्हणाला. "आपल्याकडचे चार दिवस म्हणून येतात आणि गाळा बघत बसतात."

शिवलीलाने डोळे मोठे केले. बसवराज मात्र मनापासून हसला.

"खरं हाय दाजी. पण एक सांगू? मोठ्या माशाला बी त्याची सवय लागत असंल. न्हाईतर कल्ला कशाला उघडा ठेवंल तो?" मग तो टाकीकडे वळला आणि आवाज खाली आला. "हा माझा माल कलकत्त्याकडून आला होता. पेटीत लई होते. एकेक करून सगळे मेले, पांढरे फटक पडून. हा तेवढा राहिला. एकदा ह्याचा कल्ला उचलून बघितला, तर आत काहीतरी मागं सरकलं."

"मग काढून टाकायचं!"

"कुणाला?" बसवराजने विचारलं. महेश्वरला क्षणभर वाटलं की तो खरंच विचारतोय.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, कूलर थांबला, टाकीतला हवेचा पंप बुडबुड करत थांबला. मागच्या गल्लीतले यंत्रमागही एकदम गप्प झाले. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला शांतता म्हणजे काय ते वीज गेल्यावर कळतं. त्या शांततेत महेश्वरला एक आवाज ऐकू आला. अगदी बारीक. कुणीतरी भरल्या बशीतून चहा ओढत होतं, घाई न करता, थांबून थांबून.

त्याने पाहिलं. कुणाच्याच हातात कप नव्हता.

खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. बसवराजचा एक हात टाकीच्या स्टँडवर टेकलेला होता आणि त्या हाताचं मनगटाशी असलेलं बटण उघडं होतं. शिवलीला त्या हाताकडे बघत होती. भूक लागलेलं पोर दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं, तशी.

वीज आली. आवाज बुडबुडीत बुडाला.

५

आठवड्याची सुट्टी होती. महेश्वर केस कापून भर दुपारी घरी आला, तर बसवराज चटईवर डोळे मिटून पडलेला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली आणि शिवलीला वाटीतली तेल-हळद बोटाने त्याच्या हाताला लावत होती. हातावर मनगटापासून वर बारीक गोल व्रण होते. मसुरीच्या डाळीएवढे. ओळीने. काही जुने काळे पडलेले, काही ताजे.

महेश्वरला व्रण दिसले. पण आधी दिसला तिचा हात. माणसाला जे आधी दिसतं त्याच्यावरच तो पुढचं सगळं रचतो.

"गाळा मिळाला का रे?" त्याने दारातूनच विचारलं.

बसवराजने डोळे उघडले. बाही खाली केली. "न्हाई अजून, दाजी."

"मग आता तो कलबुर्गीत बघ. तुझी मावशी आहे ना तिथं? आजच बघ."

"अहो!" शिवलीला उठली. "उन्हात? अंगात जीव नाहीये त्याच्या."

"जीव कुठं गेला त्याचा, ते मी विचारलेलं नाही. विचारू का?"

असली वाक्यं महेश्वर मनात अनेकदा बोलला होता. मोठ्याने ती तेवढी चांगली वाटली नाहीत. पण परिणाम झाला. शिवलीला स्वयंपाकघरात गेली आणि बसवराजने पिशवी भरली. मग तो टाकीपाशी आला.

"टाकी घेऊन जातो दाजी. टेम्पो बोलावतो."

आतून शिवलीलाचा आवाज आला. "राहू दे ना ती. तेवढी तरी."

'तेवढी तरी.' महेश्वरला ते दोन शब्द लागले. आणि लागल्याबरोबर त्याला एक उदार विचार सुचला. मत्सरी माणसाला उदार विचार सुचला की आसपासच्यांनी सावध व्हावं.

"टाकी राहील," तो मोठ्याने, आत ऐकू जाईल असं म्हणाला. "माशाचं सगळं मी बघीन."

बसवराजचा चेहरा उतरला. हाकलल्यावर उतरला नव्हता तेवढा.

"दाजी, तुमाला न्हाई जमायचं ते."

"तुला जमतं आणि मला जमत नाही?"

"तसं न्हवं. मला चालतंय. मला मागं-पुढं कोण न्हाई. आणि त्याला माझी सवय हाय." तो जवळ आला, हळू बोलू लागला. "कणकेवर कल्ल्यातलं ते ऱ्हात न्हाई दाजी. कणीक हा वरचा मासा खातो, पण तिच्यानं त्याच्यात रक्त भरत न्हाई. ते उपाशी बसत न्हाई. डबा तुमी टाकलात, तवा मी हात दिला. मी गेल्यावर ते कुणाकडं बघंल?"

"चल, बस चुकेल तुझी."

"मग एक करा. शिवा जरा जरी पांढरी दिसली, तरी मला फोन करा. मी कुटं बी असलो तरी येतो आणि घेऊन जातो त्याला. नुसतं 'ये' म्हणा. माझा राग धरू नका त्या वेळी."

महेश्वरने त्याला रिक्षात बसवलं. शिवलीलाला 'शिवा' म्हणायला कुणी सांगितलं याला, एवढंच त्या सगळ्या बोलण्यातलं त्याच्या ध्यानात राहिलं.

६

महेश्वरने शब्द पाळला. नळ येईल त्या दिवशी तो टाकीतलं पाणी बदलायचा, काच पुसायचा, कणकेच्या गोळ्या स्वतः मळायचा. शिवलीला बघतेय का, हे बघायचा. ती बघत नसे. चहा खुर्चीच्या हातावर ठेवून ती आत जायची.

मग हळूहळू ती पुन्हा हॉलमध्ये बसू लागली. महेश्वर सुखावला. पण तिची बसायची जागा बदलली होती. समोरच्या भिंतीशी नाही, टाकीच्या स्टँडला पाठ लावून. बसली की मान किंचित एका बाजूला कलायची आणि डोळे अर्धे मिटायचे. चेहऱ्यावर ती तृप्ती, जी महेश्वरला आधी दुसऱ्या एका चेहऱ्यावर बघवली नव्हती.

ती पांढरी पडत चालली होती. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. गोळ्या दिल्या, गूळ-शेंगदाणे खायला सांगितले. शिवलीला सगळं हसत खायची आणि तशीच पांढरी राहायची.

एका सकाळी ती वेणी घालत असताना महेश्वरला तिच्या कानामागे एक खूण दिसली. गोल, लालसर. त्याच्या खाली दुसरी.

त्या खुणेचा एकच अर्थ त्याला माहीत होता. म्हणजे बसवराज कलबुर्गीला गेलाच नव्हता. किंवा जाऊन आला होता. दुपारचा येत होता.

तो नागव्वाकडे गेला. "दुपारी आमच्याकडे कुणी येतं का हो?"

"कुनी न्हाई बाबा. चिटपाखरू न्हाई." म्हातारीने पानाचा तोबरा गालात सरकवला. "पन तुमची बायको दार लावून घेती आन् बोलत असती की कुनाशी तरी. कानडीत. लाडानं बोलती, तान्ह्या पोराशी बोलावं तशी. मला वाटलं फोनवर आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मासा मेलेला होता. तळाला उलटा पडलेला. महेश्वरने बाहेर काढला तेव्हा तो हातात करवंटीसारखा हलका लागला. कल्ले उघडे होते, आणि आत जिथं लाल असतं तिथं धुतलेल्या फडक्यासारखं पांढरं होतं. आत काहीच नव्हतं. जे होतं ते केव्हाच निघून गेलेलं असावं.

"टाकी आता काढू या," तो म्हणाला.

"कशाला?" शिवलीला म्हणाली. मेलेल्या माशाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. "पाणी राहू दे. पाणी लागतं."

"कुणाला?"

ती त्याच्याकडे बघून गोड हसली आणि डबा भरायला गेली.

कारखान्यात त्याला काम सुचेना. आकड्यांच्या रांगा ओल्या दिसत होत्या. शेवटी त्याने बसवराजला फोन लावला. पलीकडून कलबुर्गी स्टँडवरच्या बसच्या घोषणा ऐकू येत होत्या, कानडीत, एकामागून एक. म्हणजे माणूस खरंच तिकडे होता.

"बोला दाजी. शिवा बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. मासा मेला, एवढं सांगायला फोन केला."

"मासा मेला?" बसवराज म्हणाला. "आणि त्याच्यातलं?"

"त्याच्यातलं काय?"

"दाजी, घरी जावा तुमी. आत्ताच्या आत्ता. मी इथं स्टँडवरच हाय, गाडीत बसतो. तुमी नुसतं 'ये' म्हणा. तुमच्या घराची पायरी तुमी न सांगता मी कशी चढू?"

"मी बघतो काय ते," महेश्वर म्हणाला आणि फोन ठेवला.

७

भर दुपार होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पुढचं दार आतून बंद, म्हणून महेश्वर मागच्या दाराने, आपल्याजवळच्या किल्लीने आत शिरला. वीज गेलेली होती. हॉलचे पडदे ओढलेले, आणि त्यांतून गाळून आलेला उजेड जुन्या तांब्यासारखा दिसत होता.

दारात असतानाच त्याला तो आवाज ऐकू आला. बशीतून चहा ओढल्याचा. थांबून थांबून.

शिवलीला टाकीच्या पायाशी चटईवर कुशीवर झोपली होती. अंबाडा सुटलेला, पदर बाजूला झालेला, एक हात डोक्याखाली. आजूबाजूच्या फरशीवर ओले गोल ठिपके होते, इतके की पाय कुठं टाकावा कळेना. तिचा चेहरा त्याच्याकडे होता. असा चेहरा त्याने तिचा कधीच पाहिला नव्हता. लग्नानंतर नाही, शिवानी झाल्यावर नाही. हा चेहरा कुणाला मिळतो, हे इतकी वर्षं त्याला जाणून घ्यायचं होतं.

तिच्या कानामागे केसांची एक ओली बट रुळत होती. महेश्वरने वाकून बघितलं. बट काचेसारखी होती. तिच्यातून पलीकडची चटई दिसत होती. आणि तिच्या मधोमध, एका बारीक धाग्याएवढी लाल रेघ हळूहळू वर चढत होती.

ओढून काढावं म्हणून त्याने हात पुढे केला. बोटं जवळ आल्यावर त्या बटेचं एक टोक उचललं गेलं. डोळे असतील तर ते फार बारीक असावेत. टोक त्याच्या बोटाला लागलं. गार, मऊ, चौकशी केल्यासारखं. मनगटापर्यंत आलं. तिथं जरा थांबलं. महेश्वर श्वास रोखून उभा होता, आणि नंतर त्याला स्वतःला कबूल करावं लागलं असतं, की त्या क्षणी त्याला किळस वाटत नव्हती. तो वाट बघत होता.

मग ते टोक वळलं आणि शिवलीलाकडे परत गेलं.

"अहो," शिवलीला म्हणाली. तिने डोळे उघडले होते. डोळ्यांत भीती होती, पण ती कानामागच्या गोष्टीची नव्हती. ती त्याच्या हाताची होती. "नको. ओढू नका ना."

"शिवलीला, तुला माहीत आहे हे काय आहे?"

"माझं आहे," ती म्हणाली.

त्याच्या खिशात फोन वाजू लागला. त्याने काढून बघितलं. बसवराज. 'नुसतं ये म्हणा.' एक शब्द. कलबुर्गीहून सोलापूर काही लांब नाही. दिवस मावळायच्या आत तो दारात उभा राहिला असता, बाही वर केली असती, आणि हे सगळं आपल्या अंगावर घेऊन निघून गेला असता. शिवलीला वाचली असती. आणि मग राहिलेल्या सगळ्या जन्मात ती कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसली असती, याचाही हिशेब महेश्वरला लगेच करता आला.

फोन वाजत होता. शिवलीलाने हात लांबवला आणि त्याची बोटं धरली. तिचा हात माठासारखा गार होता.

"बसा ना," ती म्हणाली. "इथंच बसा माझ्याजवळ. कुठं जाऊ नका."

इतक्या वर्षांत हे ती त्याला पहिल्यांदा म्हणत होती.

"कोण आहे फोनवर?" तिने विचारलं, डोळे पुन्हा मिटत.

"कुणी नाही. कारखान्यातलं," महेश्वर म्हणाला. त्याने फोन बंद केला, चटईवर तिच्या शेजारी मांडी घातली, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. आणि मग दुसऱ्या हाताने तिचा पदर उचलून, हलकेच, ते दिसणार नाही असा तिच्या मानेवरून ओढून घेतला.